रायफल आणि शॉटगनच्या सफाईसाठी रॉड, ब्रश, जॅग कसे निवडाल?

आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही तपासा.

सगळ्यात जास्त विचार रॉडचा करा. रायफलसाठी एकसंध, कोटिंग केलेला किंवा कार्बन फायबरचा रॉड घ्या. जोडरॉड, म्हणजे तुकडे जोडून केलेला रॉड, वाकतो, त्याच्या सांध्यांत कचरा अडकतो आणि तोच नळीतले आटे (आतल्या सर्पिल खाचा) घासतो. मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे ब्रश आट्यांबरोबर वळतो. शक्य असेल तिथे रॉड चेंबरकडूनच घाला, सोबत बोअर गाइड (रॉड नळीच्या मधोमध धरणारी नळकांडी) लावा. नळीच्या तोंडाची कड घासली गेली की नेम बिघडतो.

ब्रश नेमक्या कॅलिबरचा (नळीच्या आतल्या व्यासाच्या मापाचा), फॉस्फर ब्राँझचा घ्या. स्टीलचा नकोच. ब्रश पूर्ण बाहेर आल्यावरच मागे ओढा, मध्येच उलटवला तर तारा वाकतात.

जॅग म्हणजे रॉडच्या टोकाला लावायचा, कापडाचा पॅच धरणारा तुकडा. पितळी जॅगवर गोळीचं नळीत राहिलेलं तांबं काढणारं सॉल्व्हंट लागलं की पॅच निळा पडतो आणि नळी अजून खराबच आहे असं वाटतं. म्हणून निकेल मुलामा असलेला जॅग बरा.

शॉटगनची नळी सहसा गुळगुळीत असते, तिथे जोडरॉड चालतो. १२ बोअरचा ब्रश सुमारे १८.५ मिमी नळीसाठी असतो. चेंबर त्याहून रुंद, त्याला वेगळा ब्रश लागतो. प्लास्टिक वॅडचा (काडतुसातल्या छर्‍यांमागच्या बुचाचा) थर चोकजवळ, म्हणजे नळीच्या तोंडाकडच्या अरुंद भागाजवळ, जास्त धरतो, तिथे जास्त फेरे मारा.