पत्र्याचं जुनं जर्मन इंजिन उलटं करून कसं वाचायचं

जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या जुन्या बाजारात खेळण्यातल्या आगगाडीचं पत्र्याचं इंजिन हातात घेतलं की विकणारा आजोबांची गोष्ट सुरू करतो. ऐका, पण तोवर इंजिन उलटं करा. मी शिक्का आणि जोड पाहिल्याशिवाय किंमत विचारत नाही.

'जीबीएन' हा शिक्का म्हणजे गेब्र्युडर बिंग, न्यूर्नबर्गची खेळण्यांची कंपनी. 'बीडब्ल्यू' म्हणजे तीच कंपनी, पण पहिल्या महायुद्धानंतरची. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला बिंग बुडाली, त्यामुळे हा शिक्का दिसला की काळ आपोआप आवळला जातो. 'केबीएन' हा कार्ल बूबचा, तोही न्यूर्नबर्गचा खेळणीवाला. तिथल्याच जॉर्ज कारेटचा माल १९१७नंतरचा असूच शकत नाही. तो फ्रेंच होता, युद्धात त्याचा न्यूर्नबर्गचा कारखाना बंद झाला. 'डीआरजीएम' ही जर्मनीतल्या नोंदणीची खूण, कायदा १८९१चा, म्हणजे इंजिन त्याआधीचं नाही.

रंगसंगती इंग्लिश रेल्वेची असली तरी गोंधळू नका. १९००च्या पॅरिस प्रदर्शनानंतर बिंग इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या खेळण्यातल्या गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी इंग्लिश इंजिनं बनवायची. लंडनच्या दुकानातली 'आपली' गाडी न्यूर्नबर्गची निघायची!

रूळ सोबत असतील तर व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावून दोन रुळांमधलं अंतर मोजा. आतून ३२ मिमी म्हणजे शून्य नंबर, ४५ मिमी म्हणजे एक नंबर. जर्मनीतल्याच ग्योपिंगेनच्या मेर्क्लिन या खेळण्यांच्या कंपनीने १८९१मध्ये लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्याच्या रुळावर चावीची गाडी फिरवली आणि मापांना नंबर दिले. एकदा गाडी घेतली की पुढच्या वाढदिवसाला त्याच मापाचे रूळ, डबे. धंद्याची खरी चलाखी ही. जुन्या कॅटलॉगात हीच मापं ३५ आणि ४८ दिसतील, कारण तेव्हा रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचे.

आता भिंग. स्वस्त मालात सपाट पत्र्यावरच रंग छापायचे, मग कापून, वाकवून, पत्र्याचे कान खाचेतून काढून दुमडायचे. कानाच्या वळणावर चकचकीत ताजी चीर दिसली तर कुणीतरी तो उघडलाय. मेर्क्लिनच्या महाग इंजिनांना डाग दिलेले जोड आणि हाताने दिलेला रंग असतो. कडेची बारीक रेघ कुठे जाड, कुठे पातळ होते. ती सगळीकडे एकसारखी असेल तर मी तरी सावध होते.

चावी दोन-तीन वळसेच द्या, पूर्ण नको. जुनी स्प्रिंग तुटली तर आतले दातेही घेऊन जाते. घरी आणल्यावर मऊ ब्रशने धूळ झाडा, आसांना घड्याळाचं तेल थेंबभर. रंगाला मात्र पॉलिश लावू नका.