बासरीतून नुसतंच ‘फुस्स’ येतंय? फुंकरीच्या या चुका टाळा

जत्रेत बासऱ्यांचा झुपका खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस सिनेमातलं गाणं इतकं सहज वाजवतो, की आपण हट्टाने त्याच्या हातातलीच बासरी विकत घेतो. घरी येऊन फुंकावं तर नुसतं ‘फुस्स’. दोन दिवस फुंकून गाल दुखले की ती बासरी शोकेसमध्ये कृष्णाच्या मूर्तीशेजारी जाऊन बसते, ती कायमची. ‘बासरी खराब निघाली’ म्हणून माझ्यापुढे आजवर जेवढ्या बासऱ्या आल्या, त्यांतल्या बहुतेकींना काहीही झालेलं नव्हतं.

आधी आवाज होतो कुठे ते पाहू. सनईला पत्ती असते आणि ती थरथरते. बासरीला असं काहीच नाही. ओठांच्या फटीतून निघालेली हवेची पातळ पट्टी फुंकायच्या भोकाच्या पलीकडच्या काठावर आदळते आणि तिथे तिची द्विधा अवस्था होते: क्षणात भोकाच्या आत, क्षणात बाहेर. या आतबाहेर करण्याचा मेळ नळीतल्या हवेच्या कंपनाशी बसला की स्वर उमटतो. पांढरी तीनच्या (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सूर ‘सा’ धरणाऱ्या) बासरीवर वरची तीन भोकं झाकून ‘सा’ लावला, तर ही येरझार सेकंदाला सुमारे ३३० वेळा होते. थरथरते ती हवा.

बासरी ‘भरू’ नका

भोकात हवा ओतली की आवाज येईल, हा पहिला गैरसमज. सगळी फुंकर आत गेली तर काठावर चिरली जाणार काय? रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर मारून पाहा. ज्या कोनात बाटली ‘हूं’ करते, तोच कोन इथे हवा. खालचा ओठ भोकाच्या अलीकडच्या काठावर टेकवा, भोकाचा तिसरा हिस्सा ते जेमतेम निम्मं भोक झाका, आणि फुंकर समोरच्या काठावर नेम धरून सोडा. मग बासरी केसभर आत, केसभर बाहेर फिरवत राहा. एका ठिकाणी आवाज अचानक ‘धरतो’. आरशासमोर बसून ती जागा डोळ्यांत साठवून ठेवा.

बासरी फार आत वळवली तर ओठ भोक जास्त झाकतो आणि सगळेच स्वर उतरतात. ‘माझी बासरी तानपुऱ्याला लागत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

लहान मुलांच्या शिट्टीवजा बासरीत हे नेम धरायचं काम चोचीतली फट आपोआप करते. म्हणून ती कुणालाही वाजवता येते, आणि म्हणूनच तिच्यावर वाजवणारा आडव्या बासरीवर अडतो.

जोर नको, वेग हवा

ही चूक सगळ्यात चिवट. आवाज येईना की माणूस जोर लावतो. जोर लावला की बासरी एकदम वरच्या सप्तकात किंचाळते, कारण हवेची पट्टी काठापर्यंत लवकर पोचते आणि नळीतली हवा दुप्पट कंपनसंख्येवर उडी मारते. खालचे स्वर हवे असतील तर फुंकर संथ आणि ऊबदार ठेवा, हिवाळ्यात काचेवर वाफ धरतो तशी, फक्त ओठ जवळ आणलेले. वरच्या सप्तकासाठी ओठांची फट आणखी बारीक करा. हवा तेवढीच असली तरी तिचा वेग वाढतो.

पाच मिनिटांत चक्कर येत असेल तर फट मोठी आहे आणि अर्धी हवा वाया चालली आहे, असं समजा. बासरी खाली ठेवा आणि चारदोन साधे श्वास घ्या.

बोटांखालची गळती

एकही बोट न ठेवता आवाज येतो, पण भोकं झाकत गेलं की फाटतो? मग दोष फुंकरीत नाही. वरून एकेक बोट वाढवत जा. ज्या बोटाला आवाज बिघडला, ते बोट हवा सोडतंय. आरोपी बहुधा अनामिका असते. बोटांची टोकं उभी रोवू नका, मऊ पेरं आडवी टेकवा. लगेच सुधारायचं म्हणून दाबूही नका, हात आखडतो. हात लहान असेल तर पांढरी तीनच्या लांब बासरीचा हट्ट सोडून पांढरी पाचपासून सुरुवात करा. बासरीवादक पन्नालाल घोषांनी ३२ इंचांच्या आसपासची लांब बासरी रागसंगीतात आणली हे खरं, पण पहिल्या महिन्यात तुमच्यासाठी ती आणलेली नाही.

थंड बासरी

एसी हॉलमध्ये बासरी उतरते आणि ॲपमधला तानपुरा जागचा हलत नाही. ध्वनीचा वेग तापमानाच्या दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने बदलतो. नळीतल्या हवेत १० अंशांचा फरक पडला तर स्वर अर्ध्या सुराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने सरकतो, म्हणजे कुणाच्याही कानाला खुपेल इतका. आधी काही मिनिटं वाजवून बासरी तापू द्या, मगच सूर जुळवा.

खरंच बासरीचा दोष असेल तर

असे दोष मोजकेच. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या बांबूला केसाएवढी चीर जाते. तिच्यावर तात्पुरती चिकटपट्टी लावून वाजवा, आवाज सुधारला तर दोष सापडला. बंद टोकाच्या आतलं बूच सरकलं असेल तर वरचं सप्तक बेसूर होतं. बूच आणि फुंकायचं भोक यांत साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं अंतर असावं. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर आतून फडकं फिरवा आणि ओली बासरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते.

  

आणि महागडा बांबू घेतला की आवाज येईल, ही आशा सोडा. नळाच्या पीव्हीसी पाइपला नीट अंतरावर भोकं पाडली तरी ती सुरात वाजते. माझ्याकडे अशी एक राखाडी नळी आहे. कुणी ‘बासरी बिघडलीय’ म्हणत आलं की आधी ती त्याच्या हातात देतो. तिच्यातूनही ‘फुस्स’ आलं, तर बासरी परत करायला दुकानात जायची गरज उरत नाही.