सायीचा स्ट्रॉबेरी शेक: फळ निवडण्यापासून ग्लासात ओतेपर्यंत

शेकसाठी स्ट्रॉबेरी घेताना आकार बघू नका, देठाखालचा भाग बघा. तो पांढरा किंवा हिरवट असेल तर फळ कितीही मोठं आणि चकचकीत असलं तरी परत ठेवा. आंबा आढीत पिकतो, केळं घरात पिकतं. स्ट्रॉबेरी तोडली की तिचं पिकणं संपलं. घरी आणल्यावर ती आणखी लाल होईल, मऊ होईल, पण गोडी झाडावर असताना आली तेवढीच.

माझं माहेर पाचगणीजवळ, घरची स्ट्रॉबेरी. आमच्या अण्णांचा नियम आहे की घरात खायचं फळ हिरव्या टोपीपर्यंत लाल झाल्याशिवाय तोडायचं नाही. मुंबई-पुण्याला जाणारा माल जरा आधी तोडावा लागतो, नाहीतर वाटेतच त्याचा लगदा व्हायचा. त्यात शेतकऱ्याची काही चूक नाही. पण आपण सातारकर नशीबवान. पसरणी घाट उतरून वाईमार्गे म्हणा किंवा केळघर घाटानं मेढ्यावरून म्हणा, सकाळी तोडलेला माल त्याच दिवशी आपल्याकडे पोचू शकतो. मग पिकलेलंच फळ मागून का घेऊ नये? विक्रेत्याला सरळ सांगा, "शेकसाठी हवीय, पूर्ण पिकलेली द्या." पुष्कळदा तो बाजूला काढून ठेवलेला बारीक, वेडावाकडा, गडद लाल माल स्वस्तात देतो. शेकला तोच सगळ्यात उत्तम.

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि नोव्हेंबर सरता सरता पहिलं फळ दिसायला लागतं. ते नुसतं खायचं. दराच्या दृष्टीनंही ते मिक्सरमध्ये घालणं जिवावर येतं. माझ्या मते शेकचा खरा महिना फेब्रुवारी. फळ भरपूर, आकार लहान होत आलेला आणि वास असा की पिशवी उघडली की खोलीभर कळतं. जातीही बघा. स्वीट चार्ली मऊ आणि गोड, पण आतून फिकी असते. कॅमारोसा टणक आणि आतपर्यंत लाल. दोन्ही मिळाल्या तर निम्मी-निम्मी घ्या, एकीची गोडी आणि दुसरीचा रंग. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून पनेटवर, म्हणजे फळांच्या छोट्या डब्यावर, ते नाव मोठ्या अक्षरांत दिसतं. नाव वाचून झालं की पनेट उलटं करून तळ बघा. खाली रस साचला असेल किंवा एखाद्या फळावर करडी लव दिसत असेल तर दुसरं उचला. ती बुरशी एका फळावरून शेजारच्यावर भराभर जाते. भिलारला पुस्तकांचं गाव बघायला गेलात तर येताना बांधावरूनच फळं घ्या. फळांच्या पाट्या समोर असतात, फळं निवडून घेता येतात.

आता प्रमाण. तीन मोठ्या ग्लासांना ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, ३ मोठे चमचे साखर, ३५० मिली म्हशीचं दूध, अर्धी वाटी साय किंवा १०० मिली फ्रेश क्रीम, चिमटीत मावेल त्याहून कमी मीठ. व्हॅनिला आइस्क्रीमचा एखादा गोळा चालेल, पण दूध-साय चांगली असेल तर त्याची गरज पडत नाही. बर्फ या यादीत नाही आणि तो मी मुद्दामच ठेवलेला नाही.

फळं टोपीसकट धुवा. टोपी आधी काढली की त्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं आणि फळ पाणचट होतं. स्ट्रॉबेरी मल्चिंग पेपरवर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवर वाढते, तरी लाल मातीचे कण बियांच्या खाचांत बसलेले असतातच. पातेलंभर पाण्यात चमचाभर मीठ घालून पाचेक मिनिटं ठेवा, हलक्या हातानं हलवा, मग दोनदा साध्या पाण्यातून काढा. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. धुतल्यावर सुती फडक्यावर पसरून कोरडी करा आणि मगच सुरीच्या टोकानं टोपी काढा. देठाखाली पांढरा कडक गाभा असेल तर तोही काढून टाका.

यानंतर फळांचे दोन भाग करायचे. निम्मी फळं चिरून ताटलीत एकमेकांना न चिकटता पसरा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फाचं काम हीच फळं करणार आहेत. बर्फ वितळला की शेकमध्ये पाणी होतं. गोठलेली स्ट्रॉबेरी वितळली तर स्ट्रॉबेरीच होते. उरलेली निम्मी फळं शेक करायच्या अर्धा-पाऊण तास आधी चिरून त्यांवर सगळी साखर आणि मीठ भुरभुरा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. साखर फळातला रस ओढून घेते आणि भांड्याच्या तळाशी गडद लाल पाक तयार होतो. पाणी घालायचं नाही, आचेवर ठेवायचं नाही. साखर थेट मिक्सरमध्ये टाकली तर थंड दुधात ती पुरती विरघळत नाही आणि शेवटच्या घोटात दाताखाली कचकचते. या मुरवण्यानं वासही खुलतो. हा अर्धा तास वाचवू नका.

साखर घालण्याआधी एक फोड खाऊन बघा. तीन चमचे हे प्रमाण जेमतेम गोड फळासाठी आहे. फळ चांगलं गोड असेल तर दोन पुरतात. थोडा आंबटपणा शेकमध्ये राहायलाच हवा, तो गेला तर नुसतं गुलाबी गोड दूध उरतं. मध वापरायचा असेल तर हलक्या चवीचा घ्या. जांभळाच्या फुलांचा मध तब्येतीला कितीही आवडो, त्याचा कडसर वास स्ट्रॉबेरीला दाबून टाकतो.

दुधाचं बघू. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय कोणी वापरत नाही आणि ते बरोबरच आहे. आदल्या रात्री तापवून, दोन-तीन उकळ्या जास्त देऊन जरासं आटवलं तर आणखी छान. पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर आलेली साय वेगळी काढा. शेक करताना दूध इतकं गार हवं की भांड्याला बाहेरून दव सुटलं पाहिजे. ते कोमट असेल तर थांबा, कारण सगळं बिघडतं ते इथेच. स्ट्रॉबेरी चांगलीच आंबट असते. दुधात आंबट गेलं की त्यातली प्रथिनं गोळा होऊ लागतात, आपण लिंबू पिळून पनीर करतो ना, तेच घडतं. दूध जितकं गरम तितकं ते लवकर घडतं. गार दुधात ही क्रिया सावकाश होते, तेवढ्यात शेक पिऊन होतो. तीन दिवसांचं दूध वापरू नका. त्याला स्वतःचाच आंबटपणा चढत असतो, वरून फळाचा पडला की ते लगेच दगा देतं.

साय गुठळ्यांची असेल तर आधी काट्यानं किंवा छोट्या रवीनं एकसारखी करून घ्या. बाजारातलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते तसंच घालता येतं. मला विचाराल तर म्हशीच्या दुधाची ताजी साय. तिला भरीव, किंचित खरपूस चव असते, डब्यातल्या क्रीमला ती नाही. मात्र साय ताजीच हवी. तुपासाठी आठवडाभर साठवलेल्या सायीला वास लागलेला असतो.

आता मिक्सर. भांडंसुद्धा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, कारण पातं फिरलं की उष्णता तयार होते. पहिल्यांदा मुरलेली फळं त्यांच्या पाकासकट घालून फिरवा, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. घरात कोणाला बिया त्रास देत असतील तर हा गर इथेच गाळून घ्या, दूध पडल्यावर गाळणं जिकिरीचं होतं. आमच्या सासूबाईंच्या कवळीखाली बिया जातात, म्हणून त्यांचा वाटा मी पिठाच्या चाळणीपेक्षा बारीक गाळणीतून चमच्यानं दाबून काढते. मग गोठलेली फळं आणि निम्मं दूध. मिक्सर सलग चालवू नका, थांबून थांबून फिरवा, मध्ये एकदा चमच्यानं कडा खाली ओढा. फोडी मोडल्या की उरलेलं दूध. साय सगळ्यात शेवटी, आणि ती पडल्यावर मिक्सर दोन-तीनदा नुसता उलटा झटका देऊन थांबवायचा. गार साय जोरात घुसळली गेली की काय होतं हे प्रत्येक घरात माहीत आहे: लोणी येतं. शेकवर पिवळसर कण तरंगताना दिसले तर ते दूध फाटलेलं नसतं, सायीचं लोणी झालेलं असतं. गाळून घ्या, शेक पिण्याजोगाच आहे. फाटलेलं दूध वेगळं ओळखू येतं. त्यात पांढरे चोथ्यासारखे कण दिसतात आणि खाली पाणी सुटतं.

रंग फिका आला म्हणून घाबरू नका. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबट रसात खुलतो आणि दुधात मिसळला की मवाळ होतो. घरच्या शेकचा खरा रंग फिकट गुलाबी. दुकानात मिळणारा लालभडक रंग क्रशचा किंवा इसेन्सचा असतो. आमच्या धाकट्या पुतण्याला पहिल्यांदा तो फिका ग्लास दिला तेव्हा तो म्हणाला, "काकी, यात स्ट्रॉबेरी कमी पडली." एक घोट घेतल्यावर गप्प बसून संपवला. मुलांना खूश करायला रंग घालू नका. त्याऐवजी दोन चमचे लाल पाक आधीच बाजूला काढून ठेवा आणि ग्लासाच्या आतल्या बाजूनं सोडा. वरून शेक ओतला की लाल रेघा उतरतात आणि तीही स्ट्रॉबेरीच असते.

ओतला की लगेच प्या. अर्ध्या तासात तो वेगळा व्हायला लागतो, वर फेस आणि खाली पातळ. पाहुणे उशिरा येणार असतील तर गर तयार ठेवा, दूध गार ठेवा, ते दारात आले की मिक्सर लावा. महाबळेश्वरला ग्लासात फळाच्या फोडी, क्रीम आणि आइस्क्रीमचे थर लावून देतात, ते चमच्यानं खायचं प्रकरण वेगळं. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: चार बारीक फोडी न वाटता ग्लासात टाका.

दोन प्रकार आमच्या घरात रुळलेत. एक, दुधाऐवजी चक्का. १५० ग्रॅम ताजा, आंबट न झालेला चक्का, थोडं दूध आणि साखर एक चमचा जास्त. दूध फाटायची भीतीच नाही, कारण ते आधीच विरजलेलं आहे. उन्हातून आलेल्या माणसाला हा जास्त आवडतो. दुसरा आमच्या साताऱ्याचा: दोन कंदी पेढे हातानं कुस्करून दुधात पाच मिनिटं भिजवायचे आणि त्या दुधाचा शेक करायचा. खवा भाजलेला असल्यामुळे शेकला दाटपणा येतो आणि चव खमंग होते. रंग थोडा मातकट होतो, पण चवीपुढे मला त्याचं काही वाटत नाही. या प्रकारात साय निम्मी करा आणि साखर एक चमचा कमी. वेलदोडा वेगळा घालू नका, स्ट्रॉबेरीच्या नाजूक वासावर तो चढून बसतो.

मे महिन्यात माहेरी येणाऱ्या लेकींसाठी फेब्रुवारीतच सोय करून ठेवता येते. पूर्ण पिकलेली, धुऊन कोरडी केलेली, टोपी काढलेली फळं ताटलीत सुटी गोठवा. कडक झाली की जाड पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. सुटी गोठवली नाहीत तर एकच ढेकूळ होतो आणि तो फोडायला वरवंटा घ्यावा लागतो. तीन-चार महिने चव चांगली राहते. एकदा बाहेर काढलेली पिशवी परत गोठवू नका, म्हणून एका वेळच्या शेकपुरत्या लहान पिशव्या करा. गोठवलेल्या फळाला मुरवताना एक तास द्या, पण फ्रीजच्या आतच. ओट्यावर वितळवलं तर फळ कोमट होतं आणि मेमधल्या दुधाला तेवढंच निमित्त पुरतं.