बास्केटबॉलचा रेफ्री व्हायचंय? मग आधी बॉल बघायचं सोडा

माझी पहिली मॅच तालुका लेव्हलची, सतरा वर्षांखालची पोरं, सिमेंटचं ग्राऊंड, ऑगस्ट महिना. सकाळी भुरभुर येऊन गेलेली आणि अकरा वाजता ऊन असं की पोलला हात लावू देईना. मी बेसलाईनला, म्हणजे रिंगमागच्या रेषेला उभा, गळ्यात कोरी करकरीत शिट्टी. एका पोरानं कोपऱ्यातून शॉट टाकला, मी मान वर करून बघायलो, बॉल रिंगवर एक गिरकी घेऊन बाहेर आला, आणि मान खाली करतो तर दोन पोरं जमिनीवर, एकाचं कोपर सोललेलं, आणि एका टीमचे सर लाईनीवरून ओरडायलेत, "अहो सर, कुठं बघायलात?"

उत्तर सोपं होतं, बॉल बघायलो होतो. ग्राऊंडवरचे दोनशे लोक तेच बघत होते, मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, गळ्यातली शिट्टी फक्त. तेव्हापासून कुणी नवीन पोरगं-पोरगी मला विचारायला आलं की रेफ्री कसं व्हायचं, तर मी नियमांपासून सुरुवात करत नाही, डोळ्यापासून करतो.

आपल्याकडं शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या मॅचला बहुतेक वेळा दोनच रेफ्री असतात. त्यातला एक लीड, म्हणजे बॉलच्या पुढं पळत जाऊन बेसलाईनला उभा राहणारा, आणि दुसरा ट्रेल, म्हणजे मागून येणारा. शॉट सुटला की बॉल हवेत कुठं चाललाय, आत गेला का, दोनचा का तीनचा, रिंगवर असताना कुणी हात घातला का, हे सगळं ट्रेलचं. लीडनं त्या वेळी वर बघायचंच नाही, रिंगखाली कोण कुणाला ढकलतंय, कोण जर्सी धरतंय, कोण मागून पाठीवर चढतंय ते बघायचं. बॉल आत गेला का नाही हे लीडला लोकांच्या आवाजावरून कळतंच की. रेषांचंही ठरलेलं असतं, लीडकडं बेसलाईन आणि त्याच्या डाव्या हाताची साईडलाईन, ट्रेलकडं सेंटर लाईन आणि त्याच्या डाव्या हाताची साईडलाईन. बॉल पलटला की ट्रेल पळत पुढं जाऊन लीड होतो आणि लीड मागं राहून ट्रेल. कागदावर दोन मिनिटात समजतं, पायात उतरायला एक सीझन जातो.

याची प्रॅक्टिस फुकट आहे. संध्याकाळी गावातल्या ग्राऊंडवर पोरं पाच-पाच खेळायलेत ना, तिथं बेसलाईनच्या बाहेर उभं राहा आणि बॉल ज्यांच्याकडं नाही अशी एक जोडी धरा, अटॅकवाला आणि त्याचा डिफेन्सवाला, आणि दहा मिनिटं फक्त त्यांच्याकडं बघा. पहिल्या दिवशी मान आपोआप बॉलकडं वळंल, लै चिडचिड होते, पण आठवड्याभरात दिसायला लागतं की अर्धी मॅच बॉलपासून लांबच चालू असते. ते हात धरणं, ते कंबरेत गुडघा देणं, आणि नंतर बॉलजवळ जो राडा होतो ना तो तिथूनच सुरू झालेला असतो.

आता नियम. फिबाचं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, रूल बुक त्यांच्या वेबसाईटवर फुकट मिळतं, सोबत दोन रेफ्रींसाठीचं मॅन्युअल पण आहे, इंग्रजीत आहे पण चित्रं भरपूर आहेत, घाबरू नका. पुस्तकात कलमं ५०, दिवसाला एक वाचलं तरी दोन महिन्याच्या आत संपतं. कलम २५ म्हणजे ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून नियमाबाहेर पाय हलवणं) आणि कलम ३३ म्हणजे कॉन्टॅक्ट, ही दोन मात्र तीन-तीनदा वाचा, कारण भांडणं तिथंच होतात. टीव्हीवर एनबीए (अमेरिकेतली प्रोफेशनल लीग) बघून नियम शिकू नका, तिथं क्वार्टर १२ मिनिटांचं आणि फाऊल सहा, आपल्याकडं क्वार्टर १० मिनिटांचं आणि पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो.

ट्रॅव्हलिंगमध्ये शाळेच्या पोरांची जी चूक सारखी होते ती शॉटच्या वेळची नसते, सुरुवातीची असते. पोरगं बॉल घेऊन उभं आहे, ड्रिबल (बॉल आपटत नेणं) सुरू करायचंय, तर बॉल हातातून सुटायच्या आधीच त्याचा पिव्हट पाय, म्हणजे जमिनीवर रोवून ठेवायचा पाय, उचलला जातो. हे बघायला नजर पायावर पाहिजे. उलट पळता पळता बॉल पकडला तर २०१७ पासून फिबानं त्या वेळी जमिनीवर असलेला पाय शून्य धरायला सांगितलाय, त्यापुढं एक, दोन. त्यामुळं जुने लोक बाहेरून "तीन पावलं झाली ओऽऽ" म्हणून कितीही ओरडले तरी तुम्ही मनात शून्य-एक-दोन मोजा. अजून एक, पोरगं बॉल घेऊन घसरून पडलं की अख्खं ग्राऊंड ट्रॅव्हल मागतं. नुसतं पडणं आणि घसरणं चालतं, बॉल घेऊन लोळलं किंवा उठायला लागलं तर मग शिट्टी.

कॉन्टॅक्टचं असं की अंगाला अंग लागलं म्हणजे फाऊल झालाच असं धरू नका, नाहीतर मॅच संध्याकाळपर्यंत संपायची नाही. प्रत्येक खेळाडूभोवती एक गोल डबा आहे असं समजा, समोर हाताचे तळवे, मागं ढुंगण, बाजूला दंड आणि पाय, आणि तो डबा सरळ वर पण जातो. डिफेन्सवाला आपल्या डब्यात सरळ वर हात करून उडाला आणि शॉटवाला येऊन त्याच्यावर आदळला तर डिफेन्सवाल्याचा काय दोष? पण नवीन रेफ्री आवाज ऐकतो, धप्प झालं की शिट्टी. आवाजावर जाऊ नका, कोण कुणाच्या डब्यात घुसलं ते बघा. ब्लॉक का चार्ज, म्हणजे धडकेत चूक डिफेन्सवाल्याची का बॉलवाल्याची, हे ठरवताना तर मी डिफेन्सवाल्याकडंच बघतो, बॉलवाल्याकडं नाही. दोन्ही पाय जमिनीवर, तोंड समोर, आधी येऊन उभा आहे आणि धक्का छातीत बसला, तर चार्ज. हे बघायचं तर बॉल सोडावाच लागतो, बघा परत तिथंच आलो आपण.

शिट्टीचं सांगतो. प्लॅस्टिकची, आत गोटी नसलेली घ्या. कॅनडाचा रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाचा रेफ्री होता, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकला पण त्यानं मॅचेस केल्यात, ऐन मॅचमध्ये शिट्टीतली गोटी अडकून आवाजच निघाला नाही म्हणून वैतागून त्यानं बिनगोटीची शिट्टी बनवायला घेतली, ती १९८७ ला फॉक्स ४० म्हणून बाजारात आली. वाजवायची तर एकदाच, आखूड आणि जोरात, फुर्र फुर्र करत बसायचं नाही. घरी वाजवली तर शेजारी भांडायला येतात, मी शेतात जायचो. पहिल्या दिवशी बांधावर बसलेली म्हैस दचकून उठली तेव्हा समजलं की आवाज बरोबर निघायलाय.

आणि शिट्टीबरोबर हात. फाऊल असेल तर मूठ वर, बाकी काही असेल, ट्रॅव्हल, डबल ड्रिबल, आऊट, तर उघडा पंजा वर, बोटं जोडून. हे उलटंपालटं झालं की टेबलवाल्यांचा, म्हणजे बाजूला बसून स्कोअर लिहिणाऱ्यांचा, गोंधळ. फाऊलनंतर टेबलकडं जायचं पण डोक्यावर जाऊन उभं राहायचं नाही, सहा-आठ मीटरवर, त्यांना नीट दिसेल असं थांबायचं, बास्केट झालेलं असेल तर मोजायचं का नाही ते आधी, मग खेळाडूचा नंबर, मग काय फाऊल, मग फ्री थ्रो किती किंवा बॉल कुणाचा. मी एकदा छाती पुढं काढून टेबलसमोर गेलो, मूठ वर, आणि नंबर डोक्यातून गायब. मागं वळून बघतो तर सगळी पोरं मुद्दाम पाठ करून उभी आणि अर्ध्यांच्या पाठीवर नंबर चिकटपट्टीचे, ते पण निघालेले. शेवटी ज्यानं फाऊल केला त्यानंच हात वर केला, बिचारा. आता मी शिट्टी वाजली की जाग्यावरच नंबर तोंडानं म्हणतो, "बारा, बारा," आणि बारा म्हणतच टेबलपर्यंत जातो. येडा दिसतो पण विसरत नाही.

सांगायचं राहिलं, शिट्टी घ्यायच्या आधी एक महिना टेबलवर बसा. स्कोअरशीट भरा. पी२ म्हणजे पर्सनल फाऊल आणि दोन फ्री थ्रो, तीनचा बास्केट झाला की खेळाडूच्या नंबरला गोल, हे हातानं लिहिलं की नियम डोक्यात बसतात. शिवाय पझेशनचा बाण, म्हणजे पुढच्या वेळी बॉल कुणाला ते दाखवणारा. जम्प बॉल, म्हणजे दोघांच्या मध्ये बॉल वर उडवणं, फक्त मॅचच्या सुरुवातीला, नंतर दोघांनी बॉल धरून ठेवला की बाणाप्रमाणं. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी बाणाची पाटी नसते, टेबलावर खडूनं काढतात आणि पुसून परत काढतात, मग कुणाची तरी पाण्याची बाटली त्यावर सांडते आणि भांडण. मॅचमध्ये दर क्वार्टरला स्वतः एकदा बाण बघत जा. शॉट क्लॉक नसला तर शॉट टाकायचे २४ सेकंद कोण मोजणार हे मॅचच्या आधीच टेबलशी बोलून ठेवा.

सरांबद्दल. आपल्याकडचा प्रॉब्लेम हा की समोरच्या टीमचे सर म्हणजे एखाद्या वेळी तुम्हालाच शिकवलेले पीटीचे सर निघतात. मॅचच्या आधी खुशाल पाया पडा, पण मॅच सुरू झाली की सर म्हणजे कोच. ते बोलले तर एकदा ऐकून घ्यायचं, प्रश्न असेल तर एका वाक्यात उत्तर, "सर, डिफेन्सवाला आधी उभा होता," बास, पुढं वाद नाही. परत परत चालू राहिलं तर जवळ जाऊन हळू आवाजात, "सर, आता पुरे." त्यानंतर टेक्निकल, म्हणजे वागण्याबद्दलचा फाऊल. त्याला एक फ्री थ्रो असतो आणि खेळ जिथं थांबला तिथून पुढं, जगबुडी होत नाही. फक्त देताना चेहरा रागीट नको आणि पळत जाऊन तोंडासमोर हात नको. स्वतःच्या शाळेची नाहीतर भाच्याची मॅच मात्र घेऊच नका, किती प्रामाणिक असलात तरी. एकदा घेतली होती, तेव्हापासून एका मामाकडं माझं जेवण बंद आहे.

पुढं जायचं तर आपल्या जिल्हा असोसिएशनला जाऊन नाव सांगा, शालेय स्पर्धांच्या वेळी त्यांना माणसं कमीच पडतात. सुरुवात चौदा वर्षांखालच्या मॅचपासून करा, सकाळच्या पहिल्या मॅचला उभं राहा, उन्हाच्या मॅचला जुने लोक तसंही तुम्हालाच ढकलणार आहेत. २८ मीटरच्या कोर्टावर चाळीस मिनिटं वर-खाली पळायचं असतं, पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल स्वतःचा न्या. पैशात पेट्रोल निघालं तरी पहिलं वर्ष खूश राहा.

आणि मॅच संपली की चहाला जाऊन पार्टनरला विचारा, माझ्या कुठल्या शिट्ट्या चुकल्या. नुसतं "बरं झालं" म्हणला तर परत विचारा. मी एक वही ठेवलीय, प्रत्येक मॅचला दोन ओळी. परवा चाळली, पहिल्या वर्षीचं पान असं आहे: "तालुका, १७ खालची मुलं, पहिलं क्वार्टर, बॉल बघितला. दुसरं क्वार्टर, बॉल बघितला. तिसरं, एकदा नाही बघितला, पुश फाऊल सापडला. चौथं, परत बॉल."