गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतरचा बधिरपणा आणि वेदना : या चुका टाळा

गुडघ्यातील एसीएल या लिगामेंटची, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणाऱ्या बंधाची, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली की पहिले काही आठवडे रुग्णाची चमत्कारिक अवस्था असते. गुडघ्याला एका जागी हात लावू देववत नाही आणि त्याच्या शेजारी चार बोटांवर हात लावलेला कळतही नाही. सोलापुरात कबड्डीच्या मैदानावर, कुस्तीच्या आखाड्यात किंवा दुचाकी घसरून लिगामेंट तुटलेले जे रुग्ण फिजिओथेरपीसाठी येतात, त्यांच्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा या बधिरपणाचाच असतो : "नस कापली गेली का?" प्रश्न रास्त आहे, परंतु तो सहसा चुकीच्या जागेबद्दल विचारला जातो. ज्या बधिरपणाची फारशी काळजी करण्याचे कारण नसते त्यापायी माणसे रात्र रात्र जागतात आणि ज्याची तातडीने दखल घ्यायला हवी तो "भूल अजून उतरली नसेल" असे म्हणून दोन-दोन दिवस अंगावर काढतात. पुढच्या बहुतेक चुका या गल्लतीतूनच होतात.

बधिरपणा आहे एवढेच सांगणे, कुठे आहे ते न पाहणे

नवे लिगामेंट तयार करण्यासाठी अनेकदा मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोर, म्हणजे हॅमस्ट्रिंग, वापरले जातात. ते काढण्यासाठी गुडघ्याच्या खाली, नडगीच्या आतल्या बाजूला काही सेंटिमीटरचा छेद घ्यावा लागतो. सॅफेनस नावाच्या नसेची एक बारीक फांदी नेमकी याच भागातून वाटीच्या खालून आडवी बाहेरच्या बाजूला जाते. छेद घेताना ती ताणली जाते किंवा तुटते, आणि म्हणून जखम आतल्या बाजूला असली तरी बधिर पट्टा वाटीच्या खाली, नडगीच्या पुढे आणि बाहेरच्या बाजूला जाणवतो. वाटीखालचा जाड दोर ग्राफ्ट म्हणून, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवण्यासाठी, घेतला असेल, तरीही असा पट्टा उरू शकतो.

ही फांदी केवळ त्वचेची संवेदना वाहून नेते. तिच्यावर एकाही स्नायूचे काम अवलंबून नाही, त्यामुळे तिच्यामुळे पाय लुळा पडत नाही आणि व्यायामातही अडथळा येत नाही. नस पुन्हा वाढते ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर या गतीने. त्यामुळे बधिर पट्टा कडांकडून आत असा कित्येक महिने आक्रसत जातो, आणि अनेकांच्या बाबतीत लहानसा तुकडा कायमचा राहतो. हे शस्त्रक्रियेच्या आधीच स्पष्ट सांगितले जावे असे मला नेहमी वाटते, कारण नंतर सांगितलेली हीच गोष्ट रुग्णाला सारवासारव वाटते.

पट्टा कमी होतो आहे की नाही हे आठवणीवर सोडू नये. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर कापसाचा बोळा चांगल्या त्वचेकडून बधिर भागाकडे हळूहळू फिरवावा, जिथे स्पर्श बदलतो तिथे बॉलपेनने ठिपके द्यावेत, ते जोडावेत आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. महिन्याने पुन्हा तसेच करावे. दोन फोटो शेजारी ठेवले की घरातील निम्मी चर्चा तिथेच संपते.

आता दुसरा बधिरपणा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, हाताला एक हाडाचा उंचवटा लागतो. पायाचा पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंची नस या उंचवट्याच्या लगतच, कातडीच्या अगदी जवळून जाते. ब्रेसचा, म्हणजे गुडघ्याला आधार देणाऱ्या साच्याचा, पट्टा तिथे घट्ट बसला किंवा भूल असलेला पाय बाहेरच्या बाजूला कलंडून तासन्‌तास तसाच पडून राहिला, तर ती दबते. अशा वेळी बधिरपणा वाटीजवळ नसतो. तो नडगीच्या बाहेरच्या बाजूस खालपर्यंत आणि पावलाच्या वरच्या भागावर, विशेषतः अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधल्या बेचक्यात, जाणवतो. पंजा आणि अंगठा स्वतःकडे ओढता येत नाही. भूल उतरल्यावर दर दोन-तीन तासांनी रुग्णाला अंगठा वर करायला सांगणे हे जवळ बसलेल्या माणसाचे पहिले काम आहे. ते जमत नसेल, तर उंचवट्यावरचा पट्टा सैल करून लगेच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावे. सोमवारच्या तपासणीची वाट पाहू नये.

मधुमेह असलेल्यांच्या तळपायाला पूर्वीपासूनच मुंग्या असू शकतात. तसे असल्यास ते शस्त्रक्रियेच्या आधी सांगून नोंदवून घ्यावे, नाहीतर नवे काय आणि जुने काय हे नंतर कोणालाच ठरवता येत नाही.

भूल उतरेपर्यंत गोळी न घेणे

बहुतेक ठिकाणी ही शस्त्रक्रिया कमरेत इंजेक्शन देऊन केली जाते. त्या भुलीचा परिणाम काही तासांत ओसरतो. त्याशिवाय मांडीजवळच्या नसेभोवती औषध सोडून पाय बधिर केला असेल, तर तो परिणाम अनेकदा १२ ते २४ तास टिकतो. या काळात रुग्ण हसत-बोलत असतो, चहा घेतो, भेटायला आलेल्यांना "काहीच दुखत नाही" असे सांगतो, आणि घरातील वडीलधारे "दुखत नाही तर गोळी कशाला, गोळ्या गरम पडतात" असा सल्ला देतात. मग मध्यरात्री औषधाचा परिणाम एकदम जातो आणि ठणका असा उठतो की त्यानंतर घेतलेली गोळी लागू पडेपर्यंत रुग्ण बेजार होतो. लिहून दिलेली गोळी पाय बधिर असतानाच, ठरलेल्या वेळी, काही खाऊन घ्यावी आणि पहिले दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे घेत राहावी. याच काळात आधाराशिवाय उभे राहू नये, कारण बधिर मांडी अचानक दगा देते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. दिलेल्या गोळीत बहुधा सूज कमी करणारे औषध आणि पॅरासिटामॉल एकत्र असते. तरी दुखते म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणखी एक "जोरदार" गोळी आणली जाते, आणि नाव वेगळे असले तरी आतले औषध तेच किंवा त्याच गटातले निघते. निरोगी प्रौढाने पॅरासिटामॉल सर्व गोळ्या मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीही घेऊ नये. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा मद्यपान असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. सूज कमी करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने वेदना दुपटीने कमी होत नाहीत, पोट आणि मूत्रपिंड यांच्यावरचा भार मात्र वाढतो.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत या भारात एक स्थानिक भर पडते. पारा चाळिशीच्या वर असतो, आणि वॉकर धरून संडास-बाथरूमपर्यंत जाणे जिवावर येते म्हणून रुग्ण मुद्दाम पाणी कमी पितात. कमी पाणी आणि ही औषधे यांची जोडी मूत्रपिंडाला चांगली नाही, आणि पायात रक्ताची गुठळी होण्याच्या दृष्टीनेही नाही. लाज बाजूला ठेवून पलंगाजवळ भांडे ठेवावे, पण पाणी तोडू नये. ट्रॅमाडॉलसारखे औषध दिले असेल, तर त्याने गुंगी आणि बद्धकोष्ठता येऊ शकते. गुंगीत कुबड्या घेऊन रात्री एकट्याने उठू नये.

बधिर कातडीवर बर्फ ठेवून झोपी जाणे

बर्फाने सूज आणि वेदना कमी होतात, यात शंका नाही. परंतु बधिर भागाला बर्फ चटका देतो आहे हे कळत नाही आणि कातडी जळाल्यासारखी होऊन फोड येतात. बर्फ कोरड्या कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटेच ठेवावा आणि मध्ये एकदा कापड उचलून कातडीचा रंग डोळ्यांनी पाहावा. गरम पाण्याची पिशवी, मिठाची पुरचुंडी किंवा तव्यावर तापवलेले फडके यांचा शेक बधिर भागाला मुळीच देऊ नये. शेक घ्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण सुरुवातीच्या दिवसांत त्याने सूज वाढते आणि वर भाजण्याचा धोका असतो. भाजलेली जागा जखमेच्या जवळ असेल, तर जंतुसंसर्गाची भीती वेगळीच.

गुडघ्याखाली उशी घेणे

गुडघा किंचित वाकवून ठेवला की आराम वाटतो, म्हणून घरचे लोक प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतात. हीच चूक पुढे सर्वांत जास्त वेदना देते. गुडघा तसाच आखडत जातो, मांडीचा पुढचा स्नायू काम करेनासा होतो आणि काही आठवड्यांनी पाय सरळ करण्यासाठी जो जोर लावावा लागतो त्यात रुग्ण अक्षरशः ओरडतो. आधार टाचेखाली द्यावा. सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवली की गुडघा स्वतःच्या वजनाने खाली बसतो. पोटरीत ओढ जाणवते, ती चालेल. ही स्थिती एका वेळी थोडी थोडी, दिवसातून अनेकदा घ्यावी. मेनिस्कसलाही, म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधल्या कूर्चेच्या गादीलाही, टाके घातले असतील, तर वजन टाकणे आणि गुडघा वाकवणे यांचे नियम वेगळे असतात. तिथे शेजारच्या रुग्णाचे वेळापत्रक उचलू नये.

व्यायामाच्या वेळी दुखणे किती सोसावे, यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. माझ्या अनुभवात दुसऱ्या दिवशी सकाळचा गुडघा हा चांगला पंच आहे. व्यायामाने थोडे दुखले, पण सकाळपर्यंत दुखणे आणि सूज पूर्वपदावर आली, तर तेवढा व्यायाम योग्य होता. सकाळी गुडघा कालच्यापेक्षा फुगलेला दिसला, तर व्यायाम कमी करावा. पूर्ण बंद करू नये.

पोटरी चोळून घेणे

हॅमस्ट्रिंग काढलेल्या मांडीच्या मागे पहिल्या एक-दोन आठवड्यांत काळेनिळे डाग उमटतात आणि ते पोटरीतून घोट्यापर्यंत उतरतात. साकळलेले रक्त वजनाने खाली सरकते, एवढाच त्याचा अर्थ. ते पाहून हाडवैद्याकडे किंवा मालिशवाल्याकडे नेण्याची घाई होते. ती टाळावी, कारण पोटरीचे प्रत्येक दुखणे साधे नसते. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दाबल्यावर किंवा चालताना खोलवर दुखू लागली, तर रक्तवाहिनीत गुठळी झाल्याची शक्यता असते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा पायाची त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रिक्षा शोधत बसू नये.

आणखी दोन दुखणी थांबण्यासारखी नाहीत. पोटरी दगडासारखी टणक होऊन गोळीने न हटणारी कळ येत असेल आणि पायाची बोटे दुसऱ्याने हलवली तरी ती वाढत असेल, तर उपचारासाठी काही तासांचाच अवधी असतो. आणि उतरत आलेले दुखणे चार-सहा दिवसांनी उलट फिरून वाढू लागले, गुडघा तापला, अंगात ताप आला किंवा जखमेतून पाणी वा पू येऊ लागला, तर घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या न घेता रुग्णालय गाठावे.

चुणचुण सुरू झाली की त्या जागेला हातच न लावणे

काही आठवड्यांनी बधिर भागात टोचणी, आग किंवा विजेचा झटका लागल्यासारखी संवेदना सुरू होते. पँटचे कापड घासले तरी नकोसे होते. बहुतेक वेळा ही नस जागी होत असल्याची खूण असते, परंतु रुग्ण त्या जागेला जपू लागतो आणि जपल्याने ती जागा अधिकच हळवी होते. जखम भरल्यानंतर त्या त्वचेला स्पर्शाची सवय लावावी लागते. आधी कापूस, मग मऊ सुती धोतराचे किंवा जुन्या साडीचे कापड, त्यानंतर आपल्याकडे घरोघरी असलेला सोलापुरी टर्किश टॉवेल, आधी धुऊन मऊ पडलेला आणि शेवटी नवा खरखरीत, या क्रमाने दिवसातून तीन-चार वेळा काही मिनिटे हळुवार फिरवावा. आधीचे कापड त्रास न देता सोसले, तरच पुढचे घ्यावे.

वणावर एका ठराविक ठिपक्याला बोटाने टिचकी मारताच झटका लागत असेल आणि तो महिनोन्‌महिने कमी होत नसेल, तर तिथे नसेच्या टोकाची गाठ झालेली असू शकते. तिच्यावर उपचार आहेत. संपूर्ण पायाची आग होणे, कातडीचा रंग बदलणे, एक पाय दुसऱ्यापेक्षा थंड किंवा गरम लागणे, घाम वेगळा येणे अशी लक्षणे असतील, तर केवळ व्यायाम वाढवून भागत नाही. तसे डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगावे. नसेच्या वेदनेची औषधे वेगळी असतात आणि साध्या वेदनाशामक गोळ्या तिथे फारशा उपयोगी पडत नाहीत.

कुबड्या काखेत रुतवून चालल्याने हाताला मुंग्या येऊ लागतात आणि रुग्ण समजतो की भुलीचा परिणाम हातापर्यंत पोचला. कुबडीचा वरचा भाग आणि काख यांत दोन-तीन बोटांचे अंतर ठेवून भार तळहातांवर घ्यावा.

दुखणे थांबले म्हणजे लिगामेंट जुळले असे समजणे

दीड-दोन महिन्यांत वेदना पुष्कळ कमी होतात, आणि नेमक्या याच सुमारास आत बसवलेला ग्राफ्ट कमकुवत असतो, कारण त्यात नवा रक्तपुरवठा आणि नव्या पेशी रुजत असतात. वेदना इथे इशारा देत नाही. मैदानावर किंवा आखाड्यात परतणे ९ महिन्यांच्या आत नको, आणि तेही ताकदीची चाचणी करूनच.

जमिनीवर बसण्याचे मात्र प्रत्येकाच्या कामावर ठरते. विडी वळणाऱ्या महिलांना दिवसभर मांडी घालून बसावे लागते. ती परवानगी कधी मिळेल हे पहिल्याच भेटीत विचारावे आणि तोपर्यंत सूप टेबलावर ठेवून खुर्चीवर बसून काम करता येते का ते पाहावे. गुडघे टेकणे तर अनेकांना वर्षभर नकोसे वाटते, वाटीखालचा ग्राफ्ट घेतलेल्यांना अधिकच. बधिर भागावर वजन टाकताना खडा किंवा फरशीची कड रुतलेली कळत नाही, म्हणून आधी जागा हाताने चाचपावी, जाड घडी घालावी आणि उठल्यावर कातडी पाहावी.