वाचनमंडळासाठी उभारी देणारी पुस्तके निवडताना या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरात आम्हा शेजाऱ्यांचे वाचनमंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी भरते. मनाला उभारी देणारी पुस्तके वाचायची, एवढाच आमचा नियम आहे. तो पाळताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या नवे मंडळ काढणाऱ्यांनी टाळाव्यात, असे मनापासून वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उभारी देणाऱ्या पुस्तकात दुःख नसावे, अशी समजूत करून घेणे. प्रारंभी आम्ही यशाचे मंत्र सांगणारे एक पुस्तक निवडले होते. सर्वांनी ते वाचून आणले, ‘चांगले आहे’ असे म्हटले आणि वीस मिनिटांत बोलण्यासारखे काहीच उरले नाही. पुढच्या महिन्यात साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घेतले. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या या पुस्तकात गरिबी आहे, अपमान आहे आणि शेवटी आईचा मृत्यूही आहे; तरीही त्या दिवशी सायंकाळचे दिवे लागले तरी कोणी उठेना. एका आजोबांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि आपल्या आईने शाळेच्या फीसाठी हातातली पाटली मोडल्याची हकिकत सांगितली. ती त्यांच्या सुनेनेही प्रथमच ऐकली. तेव्हापासून पुस्तक निवडताना आम्ही एकच गोष्ट पाहतो: अडचणीत सापडलेले माणूस त्या पानांवर प्रत्यक्ष काही करताना दिसते, की लेखकच आपल्याला धीर धरण्याचा उपदेश करत राहतो?

दुसरी चूक मला आजही बोचते. कोणीही शेवटपर्यंत न वाचलेले पुस्तक, केवळ नाव ऐकून, मी स्वतः सुचवले होते. त्यात दीर्घ आजारपणाचे बारीक वर्णन होते आणि मंडळातील एका काकूंचे यजमान तीनच महिन्यांपूर्वी गेले होते. ‘मला हे आत्ता नाही झेपायचे,’ एवढेच म्हणून त्यांनी पुस्तक परत केले. आता दोघांनी पूर्ण वाचल्याखेरीज कोणतेही पुस्तक जाहीर होत नाही, आणि त्यात मृत्यू, आजार किंवा छळ यांचे सविस्तर चित्रण असेल, तर कथानक न उलगडता ते आधी सांगितले जाते.

पृष्ठसंख्येकडे दुर्लक्ष करणे ही आपल्याकडची विशेष चूक आहे. येथील अनेक तरुणांचे शिक्षण गुजराती माध्यमातून झालेले असते. घरात ते अस्खलित मराठी बोलतात, परंतु छापील मराठी वाचताना त्यांचा वेग कमी पडतो, आणि चारशे पानांचे पुस्तक साठाव्या पानावर थांबले की संकोचाने ते बैठकीलाच येत नाहीत. त्यामुळे दीडशे पानांच्या आसपासचे किंवा सुटे भाग करता येईल असे पुस्तक घ्यावे. ‘श्यामची आई’ रात्रींमध्ये विभागलेले असल्यामुळे प्रत्येकाला चार-पाच रात्री वाटून देता आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठी आहेत, म्हणून ती तीन महिन्यांत वाचावीत. स्वतःच्या फजितीही मोकळेपणाने सांगणारी ही लेखिका लग्नानंतर वाचायला शिकली, हे कळल्यावर अडखळत वाचणाऱ्यांना फार धीर येतो.

पुस्तकाच्या प्रती मिळतील की नाही, याची चौकशी निवडीपूर्वीच करावी. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. आम्हीही तीन प्रती एका पिशवीत घालून घरोघरी फिरवतो. प्रत्येक घरी दहा दिवस पिशवी राहते आणि आतल्या वहीत तारीख लिहिली जाते.

एवढे करूनही चर्चा रंगली नाही, तर ‘पुस्तक कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ एवढेच येते. प्रत्येकाने आपण जेथे थांबून पुन्हा वाचले, तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याचे वाचन अपुरे राहिले असेल, त्याला पहिली संधी द्यावी, म्हणजे त्याच्या वाट्याचा परिच्छेद दुसरा कोणी आधीच वाचून टाकत नाही.