ऑक्सिमीटर लावताय, लघवी मोजताय का?

मे २०२१. डिचोलीच्या आमच्या घरी सासूबाईंना कोविड झालेला. दिवसातून दहादा बोटाला ऑक्सिमीटर. चौथ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "सकाळपासून मी लघवीला गेलेच नाही गो."

हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, आणि ते मूत्रपिंडातल्या नलिकांवरही असतं. आजार वाढला की ऑक्सिजन घटतो, रक्तदाब उतरतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि मूत्रपिंडाला फटका बसून लघवी घटते. पण आमच्याकडचं कारण अगदी साधं होतं: ताप, जुलाब आणि दोन दिवस पेजेचा घोटही नाही. त्यात जुना मधुमेह. आणि कंबर दुखते म्हणून खणातली उरलेली डायक्लोफेनॅक मीच दिली होती! डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्यांनी अशावेळी मूत्रपिंडावर ताण येतो, मनाने देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

मोजायचं कसं? पाण्याची लिटरची बाटली वरून कापा. नातवंडाच्या दुधाच्या बाटलीने शंभर-शंभर मिली पाणी ओतत मार्करने रेघा मारा. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सहा, प्रत्येक वेळचा आकडा कॅलेंडरवर लिहा. बेरीज ४०० मिलीच्या खाली येतेय असं दिसलं, किंवा पाय सुजले, धाप लागली, तर चोवीस तास भरायची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. हृदयविकार असेल तर तांब्याने पाणी पाजत बसू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या जुलाबात चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हेही डॉक्टरांनाच विचारा.

सासूबाईंच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की साठणारा टाकाऊ पदार्थ, वाढून २.१ निघालं. सलाइन लावल्यावर हळूहळू उतरलं.

बरं वाटलं की तपासण्या राहूनच जातात. तीनेक महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा करा, रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं त्याचा अंदाजही बघा; तो तीन महिने ६० च्या खालीच राहिला तर आजार जुनाट समजतात. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करून घ्या, ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवं. कारण क्रिएटिनिन ठीक असूनही लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असू शकतं. फेस येऊन टिकत असेल तर नक्कीच.

आणि शहाळी. बघायला येणारा प्रत्येक जण दोन तरी घेऊन येतो. मूत्रपिंड मंदावलं असेल तर त्यातलं पोटॅशियम अंगात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्या आठवड्यात आमच्याकडची सगळी शहाळी शेजारच्या पोरांनी संपवली.